पदकाच्या कडेवरचं नाव

एका शहरात भांड्यांवर नावं घालणारा एक म्हातारा होता. भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर, एका कोपऱ्यात त्याची बैठक होती. समोर लाकडी ठोकळा, हातात छिन्नी आणि लहानशी हातोडी. लग्नसराईत त्याच्यापुढे तांबे, पराती, डबे, पिंपं यांची रास लागायची. आहेर देणाऱ्याचं नाव, तारीख, कधी गावाचंही नाव. ठिपक्याला ठिपका लावत तो अक्षर घालायचा आणि भांडं बाजूला ठेवायचा. पुढे विजेवरचं यंत्र आलं. म्हाताऱ्यानं तेही शिकून घेतलं, पण छिन्नी काही सोडली नाही.

त्याचा एक नेम होता. एकदा घातलेलं नाव तो खोडत नसे. मोडीतली जुनी परात विकत घेऊन कुणी यायचं आणि म्हणायचं, "बाबा, हे आधीचं नाव घासून टाका, त्या जागी आमचं घाला." म्हातारा परात फिरवून बघायचा आणि म्हणायचा, "खाली जागा आहे. तुमचं खाली घालतो. वरचं राहू द्या." काही गिऱ्हाइकं चिडून दुसरीकडे जायची. म्हातारा त्यांना अडवायचा नाही.

त्याच शहरात पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत होते. त्यांना जुने बिल्ले आणि पदकं जमवायचा नाद होता. मुंबईचा चोरबाजार आणि पुण्याचा जुना बाजार त्यांच्या पायाखालचा होता. मराठा पलटणींवर त्यांचा विशेष जीव. एकदा पुण्याहून रणशिंगाचं चिन्ह असलेला एक पितळी बिल्ला घेऊन ते घरी निघाले होते. वाटेत म्हाताऱ्याच्या ओट्यावर टेकले आणि कौतुकानं त्यांनी तो त्याला दाखवला. म्हाताऱ्यानं बिल्ला हातात घेतला आणि आधी उलटा केला.

"पुढून सगळेच चांगले दिसतात, साहेब," तो म्हणाला. "मागून बघावं."

मागची बाजू रवाळ होती. तिथे सुईच्या टोकाएवढी बारीक बारीक भोकं होती. म्हातारा म्हणाला, "हा ठशानं ठोकलेला नाही, ओतलेला आहे. ओतताना हवा राहिली की अशी भोकं पडतात. कुणीतरी खऱ्या बिल्ल्यावरून साचा केला असणार. खरा शेजारी ठेवला तर हा केसभर लहान भरेल. ओतलेली धातू थंड होताना आकसते."

गृहस्थ मनातून खट्टू झाले. पण पुढच्या आठवड्यात ते पुन्हा आले, येताना आणखी चार बिल्ले घेऊन. तेव्हापासून दोघांचं बसणं सुरू झालं. म्हाताऱ्याला धातू कळत होती, गृहस्थांना इतिहास. म्हातारा सांगायचा, "शिपाई बिल्ला रोज घासायचा. तेव्हा उंच भाग झिजणार, खोलगट भाग नाही. खोलगटातली रेघसुद्धा बोथट असेल तर ती झीज नव्हे, साच्याची चूक." टोपीला अडकवायच्या मागच्या कड्यांचा डाग तो भिंगाखाली बघायचा. बिल्ला शंभर वर्षांचा आणि डाग कालचा, असं बऱ्याचदा निघायचं. मातीत पुरून, आम्लात बुडवून आणलेला हिरवा गंज तो नखानं खरवडून दाखवायचा. खरा गंज धातूला धरून बसतो, केलेला गंज पुडीसारखा सुटतो. आणि कुणी घरातला जुना बिल्ला चिंचेनं लख्ख घासून आणला की त्याला फार वाईट वाटायचं. "शंभर वर्षं लागली होती तो रंग यायला," तो म्हणायचा, "आणि पाच मिनिटांत धुऊन टाकला."

गृहस्थ त्याला दुसरी बाजू सांगायचे. इंग्रज सरकारनं १९२२ साली फौजेची फेरमांडणी केली. १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या आकड्यांच्या मराठा पलटणी एकत्र आणून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री उभी केली. तेव्हा 'पाचवी मराठा' लिहिलेला बिल्ला १९१५ साली कुणी मेसोपोटेमियात लावला होता, असं कुणी सांगू लागलं तर ऐकून घ्यायचं आणि पुढे चालू लागायचं. बिल्ल्यावर अशोकस्तंभाचे सिंह असतील तर तो स्वातंत्र्यानंतरचा. एकदा त्यांच्याकडे फैजपूर काँग्रेसचा स्वयंसेवकाचा म्हणून एक बिल्ला आला. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं ते पहिलं अधिवेशन, १९३६ सालचं. बिल्ल्यावर तिरंगा होता आणि मधोमध अशोकचक्र. गृहस्थांनी तो तिथल्या तिथे परत केला. त्या काळी काँग्रेसच्या झेंड्यावर चरखा होता; चक्र आलं ते जुलै १९४७ मध्ये. म्हाताऱ्याला ही गोष्ट इतकी आवडली, की पुढे कित्येक दिवस तो गिऱ्हाइकांना ती सांगत होता.

याच सुमारास एक व्यापारी म्हाताऱ्याकडे आला. त्यानं खिशातून चांदीचं एक पदक काढलं. पुढच्या बाजूला पंचम जॉर्ज राजाचा मुखवटा, मागे घोड्यावर बसलेला वीर, १९१४ आणि १९१८ ही सालं. पहिल्या महायुद्धात लढलेल्या शिपायांना मिळालेलं ते पदक होतं. अशी पदकं त्या काळी लाखांनी पाडली गेली. त्यांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठशांनी उमटवलेली असे. या पदकाची कडा मात्र कोरी होती.

व्यापाऱ्यानं एक चिठ्ठी पुढे केली. चिठ्ठीवर इंग्रजी अक्षरं होती. "यावर आहे तसं कडेला घालायचं. मजुरी सांगाल ती."

म्हाताऱ्यानं कडेवरून अंगठा फिरवला. "इथे आधी काहीतरी होतं," तो म्हणाला.

"होतं. आता नाही."

"भांडं ज्याचं, नाव त्याचं. हे कुणाचं आहे?"

व्यापारी हसला आणि पदक खिशात टाकून निघून गेला.

काही महिने गेले. एके दिवशी गृहस्थ लगबगीनं ओट्यावर आले. इतक्या आनंदात म्हाताऱ्यानं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी रुमालाची घडी उलगडली. आत ते चांदीचं पदक होतं आणि कडेवर नाव होतं. ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री, शिपाई अमुक अमुक.

"बाबा, हा माणूस कूतला होता," गृहस्थ म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता. कूत हे मेसोपोटेमियातलं, टायग्रिस नदीच्या वळणावरचं गाव. १९१५ च्या डिसेंबरात तुर्कांनी तिथे इंग्रजांच्या फौजेला वेढा घातला. आत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. नदीला पूर, अन्न संपलेलं, घोडे आणि खेचरं मारून खायची पाळी. सोडवायला आलेल्या फौजा वाटेतच अडल्या. २९ एप्रिल १९१६ ला फौजेनं शस्त्रं खाली ठेवली आणि उरलेल्यांना कैदी म्हणून वाळवंटातून चालवत नेलं. त्यातले हजारो परत आले नाहीत. अशा माणसाचं पदक सहसा मिळत नाही. गृहस्थांनी ते एका व्यापाऱ्याकडून दोन महिन्यांचं निवृत्तिवेतन मोजून घेतलं होतं. आणि घेताना म्हाताऱ्याला दाखवायला थांबले नव्हते.

म्हाताऱ्यानं भिंग लावलं. मग फळीवरून व्हर्नियर काढून पदकाचा व्यास मोजला.

"किती भरायला हवं?" त्यानं विचारलं.

"छत्तीस मिलिमीटर."

"साडेपस्तीससुद्धा भरत नाही. कडा कानशीनं घासली आहे, साहेब."

"वापरानं झिजली असेल."

"वापरानं झिजली असती तर नावही झिजलं असतं. कडा झिजली आणि अक्षरं ताजी, असं कसं होईल? टांकसाळीची अक्षरं एका ओळीत, एका खोलीची असतात. इथे हे चौथं अक्षर कललं आहे. हातानं ठोकलेलं आहे हे." थोडं थांबून तो म्हणाला, "माझ्याकडे असंच एक कोऱ्या कडेचं पदक नाव घालायला आलं होतं. मी घातलं नाही."

गृहस्थांचा चेहरा उतरला. मग ते रागावले. "अशी पदकं लाखांनी आहेत. तुमच्याकडे आलं ते दुसरं असेल." त्यांनी पदक रुमालात गुंडाळलं आणि ते निघून गेले. पुढे त्यांनी व्यापाऱ्याला शंका बोलून दाखवली. व्यापाऱ्यानं चार दिवसांत एक प्रमाणपत्र आणून दिलं. जाड कागद, खाली गोल शिक्का. गृहस्थांना तेच हवं होतं. ज्या वस्तूवर मन बसलेलं असतं, तिच्याबद्दलचा खरेपणाचा कागद माणूस फार बारकाईनं वाचत नाही.

त्या वर्षी प्रजासत्ताक दिनाला नगरवाचनालयाच्या सभागृहात गृहस्थांच्या संग्रहाचं प्रदर्शन भरलं. मधल्या काचेच्या पेटीत ते पदक होतं. शेजारी प्रमाणपत्र, आणि मोठ्या अक्षरात शिपायाचा नंबर, नाव, पलटण आणि कूतची हकिगत. शाळांच्या रांगा आल्या. वर्तमानपत्रात फोटो आला.

तिसऱ्या दिवशी कॉलेजातला एक मुलगा त्या पेटीसमोर बराच वेळ उभा राहिला. त्यानं नंबर पुन्हा पुन्हा वाचला आणि काही न बोलता निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो परत आला. बरोबर नऊवारीतली एक म्हातारी होती.

"आजी, हेच बघ," मुलगा म्हणाला.

म्हातारीला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तिनं नातवाकडून नाव वाचून घेतलं. मग ती गृहस्थांकडे वळली. "साहेब, हे आमच्या आजेसासऱ्यांचं नाव हाय. पन त्यांचं पदक आमच्या घरात हाय."

गृहस्थ म्हणाले, "आजी, एकाच नावाची दोन माणसं असतील."

मुलगा म्हणाला, "नंबरही तोच आहे काका. दर खंडेनवमीला मी तो वाचतो."

म्हातारीनं पिशवीतून एक पितळी डबी काढली. आत कापसावर चांदीचं पदक होतं. फीत कधीच विरून गेली होती, तिच्या जागी लाल दोरा होता. राजाचा चेहरा बोटांनी झिजून सपाट झाला होता. अक्षरांच्या खाचांमध्ये हळदकुंकू बसलं होतं. कूतहून माणूस परत आला नाही, त्याच्याऐवजी काही वर्षांनी हे टपालानं आलं, असं तिनं सांगितलं. आजेसासूबाईंनी ते हातात घेतलं नव्हतं. सासऱ्यांनी देव्हाऱ्यात ठेवलं. तेव्हापासून दर खंडेनवमीला कोयता, विळा आणि नांगराच्या फाळाबरोबर त्याची पूजा होत आली होती.

गृहस्थांनी पेटी उघडली. दोन्ही पदकं आणि म्हातारी, नातू यांना घेऊन ते म्हाताऱ्याच्या ओट्यावर गेले. भांडणानंतर पहिल्यांदाच. म्हाताऱ्यानं मागचं काहीच काढलं नाही. त्यानं आजीला बसायला पाट दिला, पदक दोन्ही हातांनी घेतलं आणि आधी कपाळाला लावलं. मग मोजलं.

"छत्तीस," तो म्हणाला.

अक्षरं एका ओळीत होती, एका खोलीची. झिजली होती, पण कडेइतकीच झिजली होती. नंबर, हुद्दा, नाव, पलटण, सगळं जागच्या जागी होतं.

युद्धात मेलेल्या शिपायांच्या याद्या आता कुणालाही घरबसल्या बघता येतात. त्यांत नंबर, पलटण असते आणि पुष्कळदा बापाचं नाव आणि गावही. अशाच यादीतून कुणीतरी एक नाव उचललं होतं आणि दुसऱ्या कुणाच्या तरी पदकावर ठोकलं होतं. कूतचा शिपाई म्हटलं की भाव चढतो, एवढाच त्यातला हिशोब.

बातमी व्यापाऱ्यापर्यंत पोचली. तो त्याच संध्याकाळी गृहस्थांच्या घरी आला. पैशांचं पाकीट त्यानं टेबलावर ठेवलं. "साहेब, मलाही फसवलं गेलंय. तुमचे पैसे पूर्ण परत. माल मला द्या, विषय संपला." आणि जाता जाता म्हणाला, "त्या बाईंचं पदक मिळवून द्या. त्याचे तुम्ही म्हणाल तेवढे."

गृहस्थांनी पाकिटाकडे पाहिलं. रक्कम त्यांच्यासाठी लहान नव्हती. घरात मुलीचं बाळंतपण होतं. त्यांनी विचारलं, "हे परत नेऊन काय करणार?"

व्यापारी गप्प राहिला.

"म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी विकणार," गृहस्थ म्हणाले. "तो माझ्यासारखाच आनंदानं घेईल." त्यांनी पाकीट परत दिलं आणि पदक ठेवून घेतलं. म्हातारीला मात्र त्यांनी तिच्या पदकाची किंमत विचारली नाही. त्यांनी फक्त त्याचे फोटो घेतले, कडेवरची अक्षरं मराठीत उतरवून कागद तिला दिला आणि सांगितलं, की कुणीही, कितीही मागितलं तरी हे डबीतून बाहेर काढू नका. म्हातारी म्हणाली, "काढत न्हाई. त्यांची राख बी आली न्हवती. एवढंच तर आलं."

प्रदर्शनाचे दोन दिवस उरले होते. गृहस्थांनी ते पदक पेटीत होतं तिथेच ठेवलं. प्रमाणपत्रही शेजारी राहू दिलं. फक्त मोठ्या अक्षरांचा कागद बदलला. नव्या कागदावर लिहिलं होतं: हे पदक खरं आहे, त्यावरचं नाव खरं नाही. ज्या शिपायाचं नाव इथे आहे त्याचं पदक त्याच्या घरी आहे. हे पदक दुसऱ्या एका शिपायाचं होतं. त्याचं नाव घासून काढलेलं आहे.

काही ओळखीच्यांनी त्यांना वेड्यात काढलं. आपल्या संग्रहात खोटी वस्तू आहे असं कुणी पाटी लावून सांगतं का, असं ते म्हणाले. पण त्या दोन दिवसांत माणसं त्याच पेटीसमोर सर्वांत जास्त वेळ उभी राहिली. एका शिक्षकांनी विचारलं, "मग तो दुसरा शिपाई कोण?"

गृहस्थांनाही तोच प्रश्न छळत होता. प्रदर्शन संपल्यावर ते पदक घेऊन म्हाताऱ्याकडे गेले. ठसा खोल बसलेला असेल तर कानशीखालीही त्याचा माग राहतो. म्हाताऱ्यानं दिव्याखाली पदक तिरकं धरलं, थोडं थोडं फिरवलं, पुन्हा फिरवलं. रोज दुकान बंद झाल्यावर दोघं बसायचे. कधी वाटायचं, अक्षर दिसलं; दुसऱ्या दिवशी ती नुसती कानशीची रेघ निघायची. अखेरीस नंबरातला एक चार नक्की झाला आणि नावातला एक इंग्रजी एस. त्यापुढे काही हाती लागलं नाही. पलटणसुद्धा कळली नाही. तो माणूस सखाराम असेल, शिवा असेल, सुलेमान असेल किंवा पंजाबातला संतसिंग असेल. फ्रान्सला गेला असेल किंवा पूर्व आफ्रिकेला. जिवंत परतला की नाही तेही माहीत नाही. त्याचं सगळं आयुष्य त्या कडेवर एका ओळीत होतं आणि कुणीतरी ती ओळ पाच मिनिटांत उडवून लावली.

गोष्ट इथे संपते. सांगणाऱ्याचं त्यावर थोडं बोलणं आहे. जुनी वस्तू पारखायची म्हणजे तिची किंमत ठरवायची, असं आपल्याला वाटतं. पण पारखणारा खरं तर एवढंच विचारत असतो, की ही कुणाची? गृहस्थांना हा प्रश्न इतिहासातून माहीत होता, म्हाताऱ्याला परातींवरून. खोट्या पदकानं एकट्या गृहस्थांना फसवलं नाही. त्यानं एका मेलेल्या माणसाचं नाव पळवलं आणि दुसऱ्याचं पुसलं. खोटं उघडकीला आल्यावर गृहस्थांनी आपलं नुकसान सोसून ते स्वतःजवळ अडवून ठेवलं. त्यांच्या सगळ्या संग्रहात मला तरी हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

आणि नावाचं मोल किती, हे ज्याला कळत नसेल त्यानं बसराच्या स्मारकाची हकिगत वाचावी. मेसोपोटेमियाच्या लढाईत मेलेल्या आणि कबर नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक माणसांचं ते स्मारक १९२९ साली उभं राहिलं. त्यावर इंग्रज सैनिकांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली. हिंदी शिपायांची मात्र कोरली नाहीत. पलटणीखाली त्यांची नुसती संख्या घातली. साताऱ्याकडच्या कितीतरी गावांत संगमरवराची पाटी आहे, तिच्यावरही या गावातून इतके गेले, इतके कामी आले, एवढेच आकडे. नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण हे सगळं मिळून ज्याच्या घरी पोचलं, ते पदकाच्या कडेवर. त्यातली पुष्कळशी पदकं १९८० च्या सुमारास चांदीचा भाव भडकला तेव्हा भट्टीत गेली.

तुमच्या घरात, देव्हाऱ्यात, आजोबांच्या ट्रंकेत असं एखादं पदक असेल तर ते चिंचेनं घासू नका, सोनाराला दाखवू नका. दिव्याखाली धरा, कडा फिरवा, तिथलं नाव वाचा आणि गावाच्या नावासकट एका कागदावर लिहून त्याच्यासोबत ठेवा. हे काम या रविवारीच करा.